रंग चढविणें आणि रंग उतरविणें

"आमचे केस कांहीं उन्हानें पांढरे झालेले नाहींत," असें म्हणून वडील माणसें आपल्या अनुभवाचा दाखला तरुणांपुढें ठेवितात. उन्हानें केसांचा रंग जात नसतो, हें या म्हणण्यांत गृहीत धरलेलें असतें. परंतु सोळाव्या शतकांतील व्हेनिस नगरींत कोणीं हें वाक्य उच्चारलें असतें, तर ऐकणाऱ्या स्त्रिया मनांतल्या मनांत हंसल्या असत्या. त्या नगरींत घरांच्या छपरांवर लांकडी मचाणें उभारलेलीं असत. त्यांस तेथें आल्ताना म्हणत. स्त्रिया भर उन्हांत तेथें जाऊन बसत. डोक्यावर रुंद कांठाची, पण मधला माथाच नसलेली टोपी. तिच्या भोंकांतून केस वर काढून कांठावर पसरावयाचे, म्हणजे चेहऱ्यावर सावली आणि केसांवर ऊन. हातांत काठीच्या टोंकास बांधलेला स्पंज. तो औषधी पाण्यांत बुडवून केस भिजवावयाचे, वाळवावयाचे आणि पुन्हा भिजवावयाचे. सुप्रसिद्ध चित्रकार टिशन याचा आप्त चेझारे वेचेल्यो यानें १५९० सालीं वेषभूषांविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हें दृश्य वर्णनासह चितारलेलें आहे. काळेभोर किंवा पिंगट केस सोनेरी व्हावेत, एवढ्यासाठीं हा खटाटोप होता.

केस रंगविण्याचा विषय साहित्यविषयक मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. कापड रंगविणाऱ्या रंगाऱ्याचा इतिहास आपण आदरानें वाचतों. नीळ आणि मंजिष्ठ यांच्या व्यापारावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. डोक्यावरील तंतू रंगविणाऱ्या कारागिराची मात्र आपण थट्टा करितों. तरी या दुसऱ्याचें काम अधिक जोखमीचें आहे. बिघडलेलें कापड टाकून देतां येतें. बिघडलेलें डोकें टाकून देतां येत नाहीं. म्हणून या धंद्यांत आज जी परिभाषा रूढ आहे, जे नेम आणि ज्या चांचण्या आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें कोणा ना कोणाचें झालेलें नुकसान उभें आहे. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम केसाची घडण पाहूं. केसाच्या बाहेरच्या अंगास कौलांप्रमाणें एकावर एक बसलेल्या पारदर्शक खवल्यांचें आवरण असतें. त्याच्या आंत तंतुमय गाभा असतो, आणि या गाभ्यांत मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. मेलॅनिनाच्या दोन जाति आहेत : एक काळसर-तपकिरी, तिला यूमेलॅनिन म्हणतात, दुसरी तांबूस-पिवळी, तिला फिओमेलॅनिन म्हणतात. यांच्या कमीअधिक प्रमाणानेंच जगांतील सर्व माणसांच्या केसांचे रंग होतात. केस पिकतो म्हणजे तयार केसाचा रंग उडतो, असें नव्हे. मुळाशीं नवें रंगद्रव्य पुरेसें बनेनासें होतें आणि पुढचा केस रंगावांचूनच उगवतो. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळें तो आपला रंग स्वतः दुरुस्त करूं शकत नाहीं. त्याचा रंग बदलावयाचा तर मनुष्यापुढें दोनच मार्ग राहतात. बाहेरून नवा रंग चढवावा, किंवा आंतला मूळचा रंग उतरवावा. पहिला मार्ग सोपा व पुरातन आहे. दुसरा कठीण आहे, आणि या धंद्याची बहुतेक विद्या त्या दुसऱ्या मार्गावरील अडचणींतून जन्मास आली आहे.

रंग चढविण्याची कला आपल्या देशांत किती जुनी आहे, याची साक्ष वराहमिहिराची बृहत्संहिता देते. सहाव्या शतकांतील या ज्योतिर्विदानें गंधयुक्तीच्या प्रकरणाचा आरंभच केशरंजनानें केला आहे. पिकलेल्या डोक्याच्या माणसास हार, अत्तरें, वस्त्रें, अलंकार कांहींच शोभत नाहींत, म्हणून केस रंगवावे, असें तो सांगतो व लगेच कृति देतो. लोखंडाच्या भांड्यांत कोद्रव धान्याचे दाणे आंबट शुक्तांत लोहचूर्णासह शिजवावे; तें बारीक वाटून, शुक्तानें आंबविलेल्या केसांवर लेप द्यावा आणि वर रुईचीं पानें बांधावीं. दोन प्रहर लोटल्यावर तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यावा व पुन्हा पानें बांधावीं. आणखी दोन प्रहरांनीं डोकें धुतलें म्हणजे केस काळे होतात. एकंदर बारा तासांचें हें काम! परंतु त्यांतील शास्त्र पक्कें आहे. आंबट द्रवानें लोखंडाचा अंश विरघळतो व केसांत मुरतो. नंतर आवळ्यांतील तुरट द्रव्याशीं त्याचा संयोग होऊन काळा रंग बनतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच न्यायानें काळी होते. आमच्या घरांतून मेंदी व आवळकाठी लोखंडाच्या कढईंत रात्रभर भिजत घालितात, त्या वेळीं वराहमिहिराचीच कृति अर्धीमुर्धी चालू असते, हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें. खुद्द मेंदींतील लॉसोन नांवाचें द्रव्य केसांतील केराटिनास जाऊन चिकटतें आणि तांबूस छटा देतें; तीवर निळीच्या पानांचा लेप दिला असतां रंग काळ्याकडे झुकतो. मराठींत ज्यास आपण 'कलप' म्हणतों, तो पुष्कळ काळ अशाच वनस्पतींचा व धातूंचा होता.

पश्चिमेकडे रोमन लोकांची रीत याहून उग्र होती. प्लिनीच्या सृष्टिविज्ञानांत काळ्या कलपाची एक कृति आहे, ती अशी कीं, जळवा शिरक्यांत घालून शिशाच्या भांड्यांत साठ दिवस कुजवाव्या आणि तो रस उन्हांत बसून केसांस चोळावा. लावितांना तोंडांत तेल धरावें, नाहीं तर दांतहि काळे होतात, अशी सूचनाहि त्यानें नोंदविली आहे. शिशाची भस्में आणि चुना यांचा लेप हा दुसरा प्रकार. २००६ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञांनीं हा लेप प्रयोगशाळेंत करून पाहिला. केसांत स्वभावतःच गंधक असतें. त्याच्याशीं शिशाचा संयोग होऊन गाभ्यांत अत्यंत सूक्ष्म काळे स्फटिक तयार होतात, आणि त्यांचा आकार मिलिमीटरच्या सुमारें दोन लक्षांश असतो, असें त्यांस दिसून आलें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या केशकारांस या स्फटिकांची वार्ताहि नव्हती. केस काळे होतात एवढें ते जाणत. शिसें हें विष आहे याचा विचार मात्र फार उशिरां झाला. शिशाचे क्षार असलेला, हळूहळू केस काळे करणारा कलप आपल्या काळापर्यंत दुकानांतून विकला जात होता. अमेरिकेच्या सरकारी खात्यानें त्याची परवानगी काढून घेण्याचा निर्णय २०१८ सालीं जाहीर केला.

आतां उतरविण्याकडे वळूं. गॉल देशचे लोक चरबी व राख यांपासून एक पदार्थ करितात आणि त्यानें केस तांबूस करितात, असें प्लिनीच लिहितो. ज्या पदार्थाला आपण आज साबण म्हणतों, त्याचें हें एक फार जुनें वर्णन आहे. जर्मन स्त्रियांच्या पिंगट केसांचा रोममध्यें मोठा डौल होता. आपल्या प्रेयसीनें केस रंगवून रंगवून ते गमावले, म्हणून कवि ओविडनें एक सबंध कविता लिहिली आहे. मी तुला नको म्हणत होतों, असें तो तिला ऐकवितो, आणि आतां जिंकलेल्या जर्मन स्त्रियांचे केस टोप म्हणून तुला घालावे लागतील, अशी बोचक समजूतहि घालितो. केसांच्या मूळ रंगाशीं झगडा केला असतां केस स्वतःच नष्ट होऊं शकतो, हा या धंद्यांतील पहिला धडा असा एका विनोदी कवितेंत नोंदला गेला. व्हेनिसच्या स्त्रियांची तपश्चर्या त्याच मार्गावरची. सूर्यप्रकाश मेलॅनिनाचा नाश करितो हें खरें. परंतु तें काम इतकें मंद कीं, त्याला जोड म्हणून तीव्र क्षार वापरावे लागत, आणि त्यांचा परिणाम केसांवर झाल्याशिवाय राहत नसे.

ही स्थिति एकोणिसाव्या शतकांत बदलली. लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनज्ञानें १८१८ सालीं हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढलें. पाण्यासारखें दिसणारें हें द्रव्य ज्यादा ऑक्सिजन बाळगून असतें आणि संधि मिळतांच तो सोडून देतें. मोकळ्या झालेल्या त्या ऑक्सिजनानें मेलॅनिनाचे कण फुटतात व विरघळतात. १८६७ सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत लंडनचा रसायनविक्रेता थिएले व पॅरिसचा केशकार ह्यूगो या दोघांनीं त्याचें सौम्य द्रावण केसांवर वापरून दाखविलें. व्हेनिसमध्यें जें अनेक दिवसांच्या उन्हानें होत असे, तें आतां घरांत बसून होऊं लागलें.

या द्रव्याबरोबर धंद्यांत मोजमाप शिरलें. पेरॉक्साइडची ताकद 'व्हॉल्यूम'मध्यें सांगतात. एक माप द्रावणापासून वीस मापें ऑक्सिजन वायु निघत असेल, तर तें वीस व्हॉल्यूमचें. त्यांत शेंकडा सुमारें ६ भाग पेरॉक्साइड असतें. दहा व्हॉल्यूम म्हणजे शेंकडा ३, तीस म्हणजे ९, चाळीस म्हणजे १२. त्यांत अमोनिया मिसळावा लागतो. त्यानें केस फुगतो, खवले उघडतात आणि पेरॉक्साइडला आंत वाट मिळते. ज्या कारागिरास हे आंकडे कळत नाहींत, तो चाळीस व्हॉल्यूमचें पाणी टाळूवर ओतून मोकळा होतो, आणि भाजलेली कातडी गिऱ्हाइकाच्या वांट्यास येते.

परंतु पेरॉक्साइडनें एक नवीच गोष्ट उघडकीस आणली. काळ्या केसाचा रंग उतरूं लागला म्हणजे तो एकदम सोनेरी होत नाहीं. आधीं तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी, मग गडद पिवळा आणि शेवटीं फिका पिवळा, अशा पायऱ्यांनीं तो खालीं येतो. काळें रंगद्रव्य लवकर फुटतें, तांबूस-पिवळें चिवटपणें टिकून राहतें, म्हणून असें होतें. या पायऱ्या ओळखण्यासाठीं धंद्यानें 'लेव्हल' ही संज्ञा घडविली : एक म्हणजे निव्वळ काळा, दहा म्हणजे अत्यंत फिका सोनेरी. त्याखेरीज छटेसाठीं 'टोन' ही वेगळी संज्ञा आहे. केस किती गडद हें लेव्हल सांगते. त्यांत ऊबदार तांबूसपणा आहे कीं थंड राखाडीपणा, हें टोन सांगतो. नको असलेली छटा मारण्यासाठीं चित्रकाराच्या रंगचक्राचा आधार घेतात. पिवळ्यावर जांभळा, नारिंगीवर निळा, तांबड्यावर हिरवा; समोरासमोरचे रंग एकमेकांस मारतात. उतरविलेल्या केसावर असा सौम्य रंग देणारें द्रव्य म्हणजे 'टोनर'. थोडक्यांत, फिकट राखाडी केस हवे असतील तर आधीं रंग उतरवावा लागतो, मग नवा चढवावा लागतो. आमच्यासारख्या काळ्या केसांच्या लोकांस तर नारिंगीची पायरी चुकतच नाहीं. तेथेंच थांबलेलीं डोकीं आपण रस्त्यावर पाहतों आणि हंसतों.

दुसरीकडे चढविण्याच्या कलेंतहि क्रांति होत होती. कोळशाच्या डांबरापासून कापडाचे रंग बनूं लागले होते. त्याच विद्येंतून पॅराफिनिलिनडायअमिन हें द्रव्य हातीं आलें. १८६३ सालीं हॉफमननें त्याचें वर्णन केलें आणि १८८३ सालीं पॅरिसच्या मोने कंपनीनें केस रंगविण्यासाठीं त्याचें पेटंट घेतलें. या द्रव्याची युक्ति मोठी चतुर आहे. त्याचे रेणू लहान व जवळजवळ रंगहीन असतात, म्हणून ते केसाच्या गाभ्यांत सहज शिरतात. तेथें पेरॉक्साइडच्या योगानें ते एकमेकांशीं व इतर सहायक द्रव्यांशीं जुळून मोठे रंगीत रेणू बनतात. आंत शिरले लहान होऊन, बाहेर पडावें तर झाले मोठे! म्हणून हा रंग धुतला जात नाहीं. पॅरिसचा तरुण रसायनज्ञ युजेन श्युलेर यानें १९०७ सालीं अशा रंगाची आपली कृति सिद्ध केली. तो आपला माल शहरांतील केशकारांस विकूं लागला आणि १९०९ सालीं त्यानें कंपनी काढली. तीच पुढें लोरेआल म्हणून जगभर पसरली. तिचें मूळ नांव मोठें बोलकें होतें. मराठींत त्याचा अर्थ 'निरुपद्रवी केशरंगांची फ्रेंच कंपनी' असा होतो. दुकानाच्या पाटीवर 'निरुपद्रवी' हा शब्द लिहावा लागला, यावरून त्या वेळच्या गिऱ्हाइकाच्या मनांत कोणती भीति होती तें उघड दिसतें.

आणि ती भीति खरी होती. पॅराफिनिलिनडायअमिन कांहीं लोकांच्या कातडीस मुळींच सोसत नाहीं; चेहरा सुजतो, टाळूवर फोड येतात. जर्मनीनें विसाव्या शतकाच्या आरंभींच केशरंगांत त्यास मनाई केली होती. अमेरिकेंत १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत 'लॅश ल्यूर' नांवाचा पापण्यांचा रंग विकला जात असे. त्यांतहि याच जातीचें द्रव्य होतें. त्यानें एका स्त्रीची दृष्टि गेली आणि एकीचा प्राण गेला. अन्न व औषध खात्यानें अशा प्रसाधनांचीं चित्रें प्रदर्शनांत मांडलीं, लोकमत खवळलें आणि १९३८ सालीं प्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. तथापि त्या कायद्यानें डांबरी केशरंगांस एक सवलत दिली. पापण्या व भुंवया सोडून इतरत्र वापरावयाचे रंग, वेष्टणावर धोक्याची सूचना आणि आधीं चांचणी करून पाहण्याची रीत छापली असल्यास, विकण्यास मोकळे राहिले. रंगाचा ठिपका कानामागें किंवा कोपराच्या आंतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहण्याची जी 'पॅच टेस्ट' आज प्रत्येक डबीवर छापलेली असते, तिला कायद्याचें बळ तेथें असें मिळालें. परंतु या तोडग्यानें सावधगिरीचा भार कारखानदाराच्या डोक्यावरून उतरून वापरणाराच्या डोक्यावर चढला, हेंहि विसरतां येत नाहीं. अशा सूचना किती लोक वाचतात, याचा वाचकांनीं स्वतःशींच विचार करावा.

पुढील काळांत हा धंदा झपाट्यानें वाढला. १९३१ सालच्या 'प्लॅटिनम ब्लाँड' या बोलपटांतील जीन हार्लो हिच्या चांदीसारख्या केसांनीं फिकट रंगाचें वेड लाविलें. १९५० सालीं अमेरिकेंत 'मिस क्लेरॉल' हा रंग निघाला. रंग उतरविणें व चढविणें हीं दोन्ही कामें त्यानें एकाच लेपांत आणलीं आणि तें काम स्त्रियांस घरींहि करतां येऊं लागलें. शर्ली पॉलिकॉफ या जाहिरातलेखिकेनें १९५६ सालीं त्याची जी जाहिरात केली, तिचा सारा भर 'हिनें केस रंगविले आहेत कीं नाहींत' हें कोणास ओळखतां येऊं नये, यावर होता. घरगुती वापरामुळें रंगांचे वर्गहि ठरून गेले : एका धुण्यांत जाणारा तात्पुरता, कांहीं धुण्यांपर्यंत टिकणारा अर्धस्थायी, सौम्य पेरॉक्साइडनें केवळ चढणारा आणि कांहीं आठवडे राहणारा 'डेमी', आणि केस वाढून कापला जाईपर्यंत राहणारा स्थायी.

सबंध डोकें उतरविण्यापेक्षां मोजक्याच बटा उतराव्या, ही कल्पनाहि याच काळांत रुजली. त्यासाठीं आधीं छिद्रें पाडलेली टोपी निघाली. आंकडीनें तिच्यांतून बटा बाहेर ओढावयाच्या. व्हेनिसच्या टोपीला एक भोंक होतें, हिला शेंकडों! नंतर बटा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत गुंडाळण्याची रीत आली. पॅरिसच्या केशकारांनीं १९७० नंतर 'बालायाज' पुढें आणलें. फ्रेंच भाषेंत याचा अर्थ झाडलोट. कुंच्यानें केसावर हात फिरवीत जावयाचें, म्हणजे उन्हानें आपोआप उजळल्यासारखे केस दिसतात. इतकें रसायनशास्त्र शिकून शेवटीं मनुष्य उन्हाची नक्कल करूं लागला! या सर्व कामांत आणखी एक नेम पाळावा लागतो. टाळूच्या उष्णतेनें मुळाजवळचा केस लवकर उतरतो, म्हणून लेप प्रथम मधल्या भागास आणि मुळांस शेवटीं लावावा.

एवढ्यानें हानीचा अध्याय संपला नाहीं. १९७५ सालीं बर्कली येथील ब्रूस एम्स व त्याचे सहकारी यांनीं बाजारांतील पेरॉक्साइडनें चढणाऱ्या १६९ केशरंगांची जिवाणूंवर परीक्षा केली. त्यांतील १५० रंग जिवाणूंच्या आनुवंशिक द्रव्यांत बदल घडविणारे ठरले. त्यानंतर कांहीं द्रव्यें कारखानदारांनीं वगळलीं. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेला निर्वाळा अधिक विचार करावयास लावणारा आहे. स्वतःचे केस रंगविणाराविषयीं निश्चित सांगण्यास पुरेसा पुरावा नाहीं. परंतु केशकाराच्या धंद्यांत घडणारा संसर्ग बहुधा कर्करोगकारक आहे, असा तो निर्वाळा होता. रंग उतरविण्याच्या भुकटींतील परसल्फेटांनीं दमा जडतो तोहि मुख्यतः केशकारांनाच. शोभा एकाच्या डोक्यावर आणि संकट दुसऱ्याच्या हातावर, अशी ही वांटणी आहे.

परवां पुण्यांतील एका लहानशा केशकर्तनालयांत आम्ही बसलों असतां एक मुलगी आली. आठ दिवसांवर लग्न. केस मधासारखे सोनेरी हवेत, असें तिचें म्हणणें. कारागीर पन्नाशीचा. त्यानें तिच्या मानेजवळची एक बारीक बट घेऊन तीवर थोडी भुकटी लाविली आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिला. कांहीं वेळानें ती बट पुसून त्यानें तिच्यापुढें धरली; अर्धी वीटकरी, अर्धी काळीच. "ताई, यावर दोन वर्षें काळा कलप लागलेला आहे. रंगानें रंग उतरत नाहीं. आज जबरदस्ती केली तर केस तुटतील," तो म्हणाला.

"दादा, कसंहि करा, पण आजच करा," ती म्हणाली.

"तुमच्या लग्नांत तुमचे केस तुमच्या डोक्यावर पाहिजेत," एवढेंच बोलून त्यानें चार बटांपुरतें काम कबूल केलें आणि त्यासाठींहि कानामागें ठिपका लावून तिला दोन दिवसांनीं बोलाविलें. मुलगी थोडी रुसूनच गेली. त्या दिवशींची मोठी कमाई त्यानें हातची घालविली होती.

ओविडच्या प्रेयसीस असा कारागीर भेटला असता, तर ती कविता लिहिलीच गेली नसती, असें आमच्या मनांत आलें. लेव्हल, व्हॉल्यूम, टोनर हे शब्द त्यानें कोणत्या पुस्तकांत वाचले होते कीं उस्तादाच्या हाताखालीं ऐकले होते, हें आम्हीं विचारलें नाहीं. तो हातमोजे काढीत होता. बोटांच्या पेरांवर जुन्या भेगा होत्या, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस बहुतेक पांढरे होते. त्यांस त्यानें कांहीं लाविलेलें नव्हतें.